विद्यार्थ्याच्या वर्षाचे अंदाजपत्रक

ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक कसे तयार होते, हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. आरंभीची शिल्लक, घरपट्टी व पाणीपट्टीची अपेक्षित वसुली, शासनाकडून येणारी अनुदाने हे सारे जमेच्या बाजूस मांडले जाते. त्यासमोर कर्मचाऱ्यांचे वेतन, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, दुरुस्त्या यांचा खर्च येतो. शेवटी अखेरची शिल्लक निघते आणि वर्ष मध्यावर आले की सुधारित अंदाज केला जातो. गावाचा कारभार या कागदाखेरीज चालत नाही. त्याच गावातून दरवर्षी जून-जुलैमध्ये दहा-वीस मुलेमुली शिक्षणासाठी बाहेरगावी जातात. त्यांच्या हाती मात्र असा कोणताही कागद नसतो. प्रवेश मिळाला आणि शुल्क भरले की शिक्षणाची सोय झाली, असे घरी समजले जाते. पुढचे दहा महिने मुलाने जेवावयाचे कोठे व कशाच्या बळावर, याचा हिशेब ज्या त्या महिन्यावर सोपविलेला असतो.

शिक्षण मध्येच सुटण्याची जी कारणे नोंदली जातात त्यांत ‘घरची अडचण’ हे एक ठरावीक कारण असते. या दोन शब्दांमागे पुष्कळदा फार मोठी रक्कम नसते. खानावळीचे दोन महिन्यांचे बिल थकलेले असते, खोलीच्या भाड्यावरून सोबत्यांशी वाद झालेला असतो, आणि परीक्षा शुल्काची अखेरची तारीख समोर असते. मुलगा ‘पैसे घेऊन येतो’ म्हणून गावी जातो आणि परत येत नाही. अशा मुलाच्या वर्षाचा एकूण हिशेब मांडून पाहिला तर अनेकदा असे दिसते की पैसे पुरेसे होते, पण ते वेळेवर नव्हते. विद्यार्थ्याच्या अंदाजपत्रकाचा विचार या अंगाने फारसा केला जात नाही. म्हणून येथे तो काहीसा विस्ताराने केला आहे.

काटकसर आणि अंदाजपत्रक

या विषयावरील उपदेश बहुधा काटकसरीपासून सुरू होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण प्रत्येक पालकाच्या तोंडी असते. म्हण खोटी नाही. परंतु ज्याच्या अंथरुणाची लांबी दर महिन्याला निराळी असते त्याला ती फारशी उपयोगी पडत नाही. परदेशी पुस्तकांतून आलेला एक नियमही अलीकडे विद्यार्थ्यांना सांगितला जातो. मिळकतीचा निम्मा भाग गरजांवर, तीस टक्के हौसेवर आणि वीस टक्के बचतीत, असे त्याचे स्वरूप आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ वॉरन व त्यांच्या कन्येने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे तो सर्वत्र पसरला. दरमहा ठरावीक पगार मिळविणाऱ्या कुटुंबासाठी तो नियम होता. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाची मिळकत मासिक नसते, आणि तिच्यातील चार पंचमांशाहून अधिक भाग जेवण व निवारा यांतच जातो. त्याला तीस टक्के हौसेचे सांगणे ही थट्टाच होय.

काटकसर म्हणजे खर्च कमी करणे. अंदाजपत्रक म्हणजे कोणता खर्च केव्हा येणार आणि त्या वेळी हाती काय असणार, हे आधी पाहणे. काटकसरी विद्यार्थीही ऑक्टोबरमध्ये अडचणीत येऊ शकतो, कारण ऑक्टोबरमध्ये पैसे येणारच नव्हते आणि ही गोष्ट जुलैमध्ये कोणी कागदावर मांडली नव्हती.

पैसा केव्हा येतो

शेतकरी कुटुंबात रोख रक्कम हंगामाने येते. सोयाबीनची पेरणी जूनमध्ये, काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये आणि विक्री दिवाळीच्या सुमारास. कापसाची वेचणी त्यानंतर महिनोन्‌महिने चालते. उसाचे पैसे गाळपाच्या हंगामात आणि तेही हप्त्यांनी मिळतात. ज्या घरी दुभते जनावर आहे तेथे मात्र दूध संस्थेचे बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी होते. रक्कम लहान, पण नियमित. म्हणूनच ज्या घरी दूध आहे तेथे मुलाची खानावळ दुधाच्या बिलावर लावून द्यावी आणि पिकाचा पैसा एकरकमी खर्चासाठी राखावा, ही जाणत्या शेतकऱ्यांची रीत शहाणपणाची आहे. मजूर कुटुंबाचे गणित आणखी निराळे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला उचल हंगामाच्या आरंभी मिळते आणि नंतर कित्येक महिने हातात रोख अशी फारशी येत नाही. त्यांच्या मुलाने वर्षाचा पैसा त्या उचलीतूनच बाजूस काढून ठेवला पाहिजे.

महाविद्यालयीन वर्षाचा आरंभ आणि खरीप पेरणी एकाच वेळी येतात, ही यातील सर्वांत मोठी अडचण होय. बियाणे, खत आणि मुलाचा प्रवेश हे तिन्ही एकाच खिशावर येतात.

दुसरी जमा शिष्यवृत्तीची. सामाजिक न्याय विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी त्या वेळी वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यात आले. त्यांपैकी भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० व निर्वाहासाठी ८,००० रुपये होते. मोठी महानगरे वगळून इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी हीच रक्कम २५,०००, १२,००० व ६,००० मिळून ४३,००० रुपये होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि शेतकरी व मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना याच धर्तीच्या आहेत. या रकमा विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होतात. जमा होतात हे निश्चित. कोणत्या महिन्यात होतील हे निश्चित नसते. अंदाजपत्रकाचे सारे मर्म येथेच आहे.

एका वर्षाचे उदाहरण

कल्पना करू की, तीन-चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुटुंबातील एक विद्यार्थी जिल्ह्याच्या ठिकाणी विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला दाखल झाला आहे. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून ते बदलावेत. महाविद्यालयाच्या शुल्काची सोय स्वतंत्रपणे झाली आहे असे धरले आहे.

दोन वेळच्या खानावळीचे दरमहा २,८०० रुपये, चौघांत घेतलेल्या खोलीचा आपला वाटा १,५०० रुपये, चहा-नाश्ता ६०० रुपये. भ्रमणध्वनीचे रिचार्ज, वह्या व झेरॉक्स, साबण-तेल-केशकर्तन यांचे प्रत्येकी ३०० रुपये. असे मिळून महिन्याला ५,८०० रुपये होतात. जुलै ते एप्रिल या दहा महिन्यांचे ५८,००० रुपये झाले. याखेरीज खोलीची अनामत ३,०००, पुस्तके २,५००, अंथरूण-बादली-भांडी २,०००, वर्षात चार वेळा गावी जाण्यायेण्याचे १,६०० आणि दोन सत्रांचे परीक्षा शुल्क १,५०० रुपये. एकूण खर्च ६८,६०० रुपये.

आता जमा पाहू. जुलैमध्ये पेरणीच्या धामधुमीत घरून कसेबसे १२,००० रुपये मिळाले. सोयाबीन विकल्यावर नोव्हेंबरमध्ये २५,००० रुपये मिळतील. निर्वाह भत्ता ४३,००० रुपये मंजूर झाला, पण तो मार्चअखेर आला. एकूण जमा ८०,००० रुपये. वर्षाअखेर ११,४०० रुपये शिल्लक. हे अंदाजपत्रक कोणत्याही सभेत बिनविरोध मंजूर होईल!

आता हाच हिशेब महिन्यामहिन्याने मांडावा. जुलैमध्येच खोलीची अनामत, पुस्तके आणि सामान मिळून खर्च १३,३०० रुपयांवर जातो आणि १,३०० रुपयांची तूट पडते. ऑगस्टअखेर ती ७,१०० होते. सप्टेंबरमध्ये गणपतीस गावी जाऊन आल्यावर १३,३०० आणि ऑक्टोबरमध्ये परीक्षा शुल्क भरल्यावर १९,८५०. नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचे पैसे आले तरी मागील देणे फेडून व महिना काढून १,०५० रुपये देणे उरतेच. डिसेंबरपासून तूट पुन्हा चढू लागते आणि मार्चमध्ये, भत्ता जमा होण्याच्या आदल्या दिवशी, ती २५,४०० रुपयांवर पोचलेली असते. म्हणजे वर्षाच्या एकूण बेरजेत सुखवस्तू दिसणारा हा विद्यार्थी जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत एकाही महिन्याच्या अखेरीस कर्जाबाहेर नव्हता.

ही तूट कोणीतरी सोसतेच. खानावळवाल्या बाई दोन महिने थांबतात, खोलीतील सोबती भाडे भरतात, नाही तर घरचे लोक उसनवारी करतात. सावकाराकडून शेकडा ३ रुपये दरमहा या दराने २०,००० रुपये पाच महिन्यांसाठी उचलले, तर ३,००० रुपये व्याजातच जातात. म्हणजे खानावळीचा एक महिना गेला. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम लागू आहे आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, तरी निकडीच्या वेळी दाराशी उभा राहणारा माणूस परवाना दाखवीत नाही. आता तर हा सावकार भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही येतो. काही मिनिटांत दोन-चार हजार देऊ करणाऱ्या उपयोजनांना आवर घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही कर्ज देणारी बँक वा वित्तसंस्था कोणती हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर विद्यार्थ्याने त्या वाटेस जाऊच नये. आईच्या बचत गटातून मिळणारे कर्ज याहून पुष्कळ स्वस्त पडते, आणि त्याची मागणी ऑक्टोबरमध्ये तूट दिसू लागल्यावर करण्यापेक्षा जुलैमध्येच गटाच्या बैठकीत बोलून ठेवलेली बरी.

तूट कोठे कमी करता येते

वरील हिशेबात पहिला भार जुलैचा आहे, म्हणून पहिला प्रयत्न तेथेच करावा. अंथरूण व भांडी घरून न्यावीत. पुस्तके नवीन घेण्याआधी महाविद्यालयातील पुस्तकपेढी पाहावी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची जुनी पुस्तके विचारावीत. खोलीची अनामत दोन हप्त्यांत घेण्यास पुष्कळ घरमालक तयार असतात. विचारण्याचा संकोच मात्र सोडावा लागतो. अनामतीची पावती घ्यावी. तोंडी दिलेली अनामत परत मिळताना तिचे रंगकामात वा वीजबिलात रूपांतर होते, असा अनुभव आहे.

खानावळीचे नियम पहिल्याच दिवशी नीट समजून घ्यावेत. गावी गेल्याचे खाडे धरले जातात की नाही, धरले तर सलग किती दिवसांचे, आणि आधी कळवावे लागते काय, या गोष्टींनी वर्षाला एका महिन्याच्या बिलाचा फरक पडू शकतो. बहुतेक खानावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात. त्या एका जेवणाचा खर्च अंदाजपत्रकात कोणीच धरीत नाही. दर रविवारी ७० रुपये धरले तरी दहा महिन्यांचे ते ३,००० रुपयांच्या घरात जातात. वर घेतलेल्या उदाहरणातही तो धरलेला नाही; चहा-नाश्त्याच्या ६०० रुपयांतूनच तो निघेल असे विद्यार्थी समजतो, आणि तो निघत नाही.

ग्रामीण विद्यार्थ्याची एक जमा रुपयांत दिसत नाही. ती धान्याची होय. तिघा-चौघांनी मिळून खोलीवर स्वयंपाक करावयाचा ठरविले, तर ज्वारी, गहू, डाळ, तिखट-मसाला घरून येतो आणि रोख खर्च गॅस, भाजी, तेल व दूध एवढाच राहतो. गाव जवळ असेल तर एस.टी.ने येणारा जेवणाचा डबा हीसुद्धा आपल्याकडची जुनी व विश्वासाची सोय आहे. अंदाजपत्रकात अशा जमेसाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा, म्हणजे घरचा वाटा किती आहे याची घरच्यांना व मुलालाही कल्पना येते. अर्थात, स्वयंपाकाला वेळ लागतो. प्रात्यक्षिके असलेल्या शाखेच्या विद्यार्थ्याने परीक्षेपूर्वीचे दोन महिने खानावळ लावली तर ती उधळपट्टी समजू नये.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी एस.टी.चा विद्यार्थी मासिक पास हा मोठा आधार आहे. त्यात भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भागच भरावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी. प्रवासभाड्यात निम्मी सवलत मिळाल्यामुळे वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचा गावी जाण्यायेण्याचा खर्चही उतरला आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात २०२४-२५ या वर्षापासून पूर्ण सवलत देण्यात आली. हा निर्णय महत्त्वाचा आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणजे खर्च संपला, अशी समजूत काही घरांत होते आणि मुलीच्या जेवणाखाण्यासाठी काही राखले जात नाही. महाविद्यालयाजवळची सुरक्षित जागा लांबच्या खोलीपेक्षा महाग असते. ही वाढ मुलीच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावी. तूट आली की मुलाच्या बाबतीत उसने घेतले जाते आणि मुलीच्या बाबतीत शिक्षण थांबविले जाते, हे शिक्षकांनी पालकांशी उघडपणे बोलावयास हवे.

‘कमवा आणि शिका’ योजनेत काम मिळाले तर थोडी नियमित जमा होते. मात्र मानधन काम झाल्यानंतर मिळते, म्हणून जमा पुढच्या महिन्यात धरावी. ही योजना आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाशी जोडलेली आहे. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने विकले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याआधी १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिले आणि पुढे विविध समाजांसाठी वसतिगृहांची मालिका उभी राहिली. त्या पिढीने ओळखले होते की शाळा काढून भागत नाही. शाळेत येणाऱ्या मुलाच्या ताटाचीही व्यवस्था लागते.

कार्यालयातील तारीख

विद्यार्थ्याने कितीही नेटका हिशेब ठेवला तरी वरील उदाहरणातील सर्वांत मोठा आकडा त्याच्या हाती नाही. तोच ४३,००० रुपयांचा भत्ता २१,५०० च्या दोन हप्त्यांत, पहिला सप्टेंबरमध्ये आणि दुसरा फेब्रुवारीत मिळाला, तर काय होते? तूट फक्त जुलै व ऑगस्टमध्ये राहते आणि ७,१०० रुपयांच्या पुढे जात नाही. शासनाचा एक रुपयाही अधिक खर्च न होता २५,४०० ची तूट ७,१०० वर येते. मंजुरीच्या टेबलावर प्रकरण पंधरा दिवस पडून राहणे म्हणजे काय, हे या हिशेबाने मोजावे: एका विद्यार्थ्यामागे २,९०० रुपयांची उसनवारी.

उशिराची कारणे पुष्कळदा साधी असतात. उत्पन्नाचा दाखला जुना निघतो, बँक खाते आधारशी जोडलेले नसते, नाव शाळेच्या दाखल्यावर एक व आधारपत्रावर दुसरे असते, महाविद्यालयाकडून उपस्थितीची पडताळणी पुढे जात नाही. यातील पहिली तीन कामे बारावीचा निकाल लागण्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत गावातच उरकता येण्यासारखी आहेत. ग्रामपंचायत सदस्यांनी बाहेरगावी जाणाऱ्या मुलामुलींची यादी करून तलाठी व आपले सरकार सेवा केंद्रामार्फत हे दाखले एकदम काढून घेतले, तर पुढचे दोन महिने वाचतात. उपस्थितीच्या पडताळणीचे काम महाविद्यालयाचे आहे, आणि तेथे एका प्राध्यापकाने जबाबदारी घेतली की ते मार्गी लागते.

वही कशी ठेवावी

पद्धत अगदी साधी असावी. एका वहीत जुलै ते एप्रिल अशी दहा पाने आखावीत. प्रत्येक पानावर वर आरंभीची शिल्लक, डावीकडे जमा, उजवीकडे अंदाज आणि त्याला लागून प्रत्यक्ष खर्च. रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात, रविवारी बेरीज करावी. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून भ्रमणध्वनीवरून पैसे देणे इतके सुलभ झाले आहे की दहा-वीस रुपये गेल्याचे जाणवत नाही. पण त्याच व्यवस्थेत प्रत्येक देण्याची तारीखवार नोंद राहते. ती रविवारी वहीत उतरविल्यास विसरलेले खर्चही सापडतात. दिवाळीच्या सुटीत आणि जानेवारीत घरच्यांबरोबर बसून सुधारित अंदाज करावा. वडिलांना वही दाखविण्यास मुले कचरतात, आणि पीक कमी आले हे मुलांना सांगण्यास वडील. दोघांचेही आकडे एकाच पानावर आले की पुढचे बोलणे सोपे होते.

बारावीच्या वर्गशिक्षकांनी परीक्षेनंतर एक दिवस यासाठी द्यावा. गणिताचा यापेक्षा उपयुक्त तास दुसरा नसेल.

बचतीबद्दल येथे फारसे लिहिले नाही, ते हेतुपुरस्सर. ज्याची तूट चालू आहे त्याला आवर्त ठेव उघडावयास सांगण्यात अर्थ नाही. त्याची खरी बचत म्हणजे वर्षअखेर उरलेली शिल्लक पुढच्या जुलैपर्यंत जपून नेणे. आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याने एप्रिलअखेरचे ११,४०० रुपये खात्यात तसेच ठेवले आणि दुसऱ्या वर्षी त्याच खोलीत राहिला, तर त्याला अनामत व सामानाचा खर्च पडत नाही. भत्ता पुन्हा मार्चअखेर आला असे धरले तरी त्याला पहिली तूट ऑक्टोबरमध्ये लागते आणि सर्वांत मोठी तूट २५,४०० ऐवजी ९,००० रुपये असते. मे व जूनमध्ये खोली राखून ठेवण्यासाठी घरमालकाने दोन महिन्यांचे भाडे मागितले, तर १२,००० रुपये.